ओहमचा नियम तोंडपाठ, पण समोरचा तक्ता वाचता येत नाही. नव्या अभ्यासक्रमात विज्ञान कसं शिकवता?

नायक्रोम

नमस्कार. मी २२ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, नववी आणि दहावी. यंदा आमच्या परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला. घटकांची यादी पाहिली तेव्हा मी निर्धास्त होते. विद्युतधारा आहे, आम्ल-आम्लारी आहे, प्रकाशसंश्लेषण आहे, आनुवंशिकता आहे. दोन-तीन धडे गेले, एक-दोन आले. सुट्टीत जुन्या टाचणवह्या काढल्या, पानांवर नवे क्रमांक टाकले आणि तयारी झाली असं समजले.

मग नमुना प्रश्नपत्रिका हातात आली. 'व्याख्या लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'आकृती काढून नावे द्या' हे सगळं मिळून निम्म्याहून कमी गुणांना. बाकी ठिकाणी कधी न पाहिलेला तक्ता, कुणा विद्यार्थ्याने केलेल्या प्रयोगाचं वर्णन, अर्धवट आलेख, आणि खाली प्रश्न: यावरून काय म्हणता येईल? काय म्हणता येणार नाही? या प्रयोगात कोणती त्रुटी आहे? प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षाही गेली, प्रयोगावरचे प्रश्न आता लेखी पेपरातच.

अंदाज घ्यावा म्हणून त्या धर्तीचा एक प्रश्न मी घटक चाचणीत टाकला. एका छोट्या बल्बच्या टोकांमधलं विभवांतर आणि त्यातून जाणारी धारा दिली होती: १ व्होल्टला ०.२० अँपिअर, २ ला ०.३१, ४ ला ०.४६, ६ ला ०.५८. आलेख काढा आणि निष्कर्ष लिहा, एवढंच. चाळीस-एक मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी लिहिलं, 'आलेख सरळ रेषा येतो, म्हणून ओहमचा नियम सिद्ध होतो.' ओहमच्या नियमाने धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढायला हवी. पण विभवांतर (V) भागिले धारा (I) काढलं तर रोध ५ ओहमपासून १० च्या वर जातो. बल्बची तार तापते आणि तिचा रोध वाढतो. आलेख वाकतो, आणि तो वाकायलाच हवा.

एका मुलीची उत्तरपत्रिका आत्ता माझ्यासमोर आहे. वर्गातली सगळ्यात नीटनेटकी मुलगी. पेन्सिलीला टोक केलेलं, दोन्ही अक्षांवर राशी आणि एकक लिहिलेलं. आरंभबिंदूतून पट्टीने सरळ रेषा ओढली आहे. पहिले दोन बिंदू रेषेच्या वर राहिलेत. आणि शेवटच्या बिंदूजवळ कागद थोडा खरवडलेला आहे. आधी ०.५८ ला अचूक टाकलेला बिंदू तिने खोडला आणि वर सरकवून रेषेवर आणून बसवला. खोडलेला ठिपका उजेडात धरला की अजून दिसतो.

ती मुलगी लबाड नाही. तिचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मी दिलेल्या उत्तरावर जास्त विश्वास आहे, आणि हेच मला रात्रभर टोचत राहिलं. 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' हे शब्द सगळ्या वर्गाला पाठ आहेत. नियमाची सुरुवातच त्यांनी होते. पण ते शब्द कशासाठी आहेत हे मी त्यांना कधी दाखवलंच नाही. दरवर्षी नायक्रोमची तार (तापली तरी जिचा रोध फारसा बदलत नाही) लावली, दरवर्षी सरळ रेषा आली, दरवर्षी प्रयोगवहीत सही केली.

आता मला खरोखर मदत हवी आहे. तासिका तेवढ्याच आहेत. व्याख्या लिहून देणं थांबवू का? थांबवलं तर कच्ची मुलं कशाच्या आधारावर उभी राहतील? आणि तयार टाचणांचं काय करू? ज्यांनी असा बदल आधी पचवला आहे त्यांनी कृपया लिहा. वर्गात नेमकं काय केलं ते सांगा, तत्त्वं मी परिपत्रकात वाचली आहेत.

परीक्षानळी

नायक्रोम मॅडम, खोडलेल्या बिंदूबद्दल वाचून थांबलो. माझ्या वर्गातही हेच व्हायचं, फक्त मी कागद उजेडात धरून पाहिला नव्हता.

आमच्याकडे असा बदल काही वर्षांपूर्वी आला. पहिल्या वर्षी मी नवे प्रयोग शोधत बसलो आणि ते वर्ष वाया गेलं. नवे प्रयोग लागत नाहीत. जुनेच घ्या, फक्त त्यांचं उत्तर आधी सांगू नका. प्रयोगवहीत उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असा साचा असतो ना, त्यात 'ओहमचा नियम पडताळणे' हे पहिल्याच ओळीत लिहिलं की मुलाला शेवटची ओळ कळलेली असते. मी आता उद्दिष्टाच्या जागी प्रश्न लिहायला सांगतो: 'विभवांतर दुप्पट केलं तर धारा किती होईल?' आणि हात लावायच्या आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा, पेनने, खोडायचा नाही. मग एका गटाला नायक्रोमची तार, दुसऱ्याला बल्ब. दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी-शेजारी. 'भौतिक अवस्था कायम असताना' हे शब्द त्या तासाला मुलं स्वतः मागतात. तुम्ही फक्त द्यायचे.

साध्या दोलकाचं उदाहरण देतो, कारण त्यात मला सगळ्यात जास्त सापडलं. एक मीटर लांबीचा दोलक, लांबी टांगलेल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, हेलकावा लहान ठेवायचा, २० हेलकाव्यांचा वेळ घ्यायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. बरोबर मोजलं तर साधारण ४०.१ सेकंद येतात आणि g जवळपास ९.८ मिळतं. पण दरवर्षी एक-दोन गटांना ३८.१ सेकंद येतात. त्यांचं g निघतं १०.९ च्या आसपास. पूर्वी मी म्हणायचो, पुन्हा करा, चुकलंय. मुलं पुन्हा करायची नाहीत, शेजारच्या गटाचं उतरवून घ्यायची.

आता मी ती संख्या फळ्यावर लिहितो आणि विचारतो, हे कसं आलं असेल? गोळा सोडताना 'शून्य' म्हणायचं असतं. या मुलांनी सोडतानाच 'एक' म्हटलेलं असतं. म्हणजे झाले १९ हेलकावे, भागले २० ने. आवर्तकाल, म्हणजे एका हेलकाव्याचा वेळ, कमी आला, सूत्रात तो वर्गाने छेदात आहे, म्हणून g फुगलं. हे एकदा मुलांनी स्वतः शोधलं की 'या प्रयोगात कोणती त्रुटी आहे' असा प्रश्न आला तरी ती बिचकत नाहीत. आणखी एक विचारा: २० कशाला, एकच हेलकावा का नाही मोजायचा? स्टॉपवॉच दाबायला बोट पाव सेकंदाच्या आसपास उशीर करतं. एकाच हेलकाव्यात ती सगळी चूक एका आवर्तकालावर पडते, वीस मोजले की विसांत वाटली जाते.

वेळेबद्दल: मी वर्षाला पाच प्रयोग असे सावकाश करतो, दोन-दोन तासिका लावून. बाकीचे प्रात्यक्षिक म्हणून मीच दाखवतो. सगळेच्या सगळे प्रयोग घाईने उरकण्यापेक्षा पाच नीट झालेले बरे, हे माझं ठाम मत आहे.

निळा लिटमस

मी शिक्षक नाही, प्रयोगशाळा सहायक आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहितो.

अभिक्रियेचा वेग शिकवायला सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. कागदावर फुली काढायची, त्यावर शंकुपात्र ठेवायचं, आम्ल घातलं की गंधक सुटं होऊन द्रावण हळूहळू गढूळ पिवळसर होतं. वरून पाहत राहायचं. फुली दिसेनाशी झाली की घड्याळ बंद. शांत मुलंसुद्धा श्वास रोखून बघतात.

याच्यात नव्या पद्धतीचे प्रश्न भरलेले आहेत. थायोसल्फेट कमी घेतलं की तेवढंच पाणी का घालायचं? एकूण आकारमान कमी झालं तर द्रावणाची उंची कमी होईल, फुलीवर गढूळपणाचा थर पातळ राहील आणि फुली उशिरा जाईल, मग वेगाबद्दल काहीच सांगता येणार नाही. शेवटपर्यंत एकाच मुलाने का बघायचं? प्रत्येकाची 'दिसेनाशी झाली' वेगळी असते. प्रत्येक वेळी शंकुपात्र तेच किंवा त्याच मापाचं का? ही उत्तरं मुलं ओठांवर घेऊनच प्रयोगशाळेतून बाहेर पडतात, त्यांना लिहून द्यावी लागत नाहीत.

एक विनंती. ज्या गटाचे आकडे बिघडले त्यांचा तक्ता फेकू नका. मी असे तक्ते फाइलला लावून ठेवतो. शिक्षकांना चाचणीसाठी तक्ता हवा असला की पहिल्यांदा माझ्याकडे येतात.

टीपकागद

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण एका बाबतीत सावध करायचं आहे. मी जीवशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं उत्तरपत्रिका तपासते.

नायक्रोमताई, पाठांतर सोडू नका. 'आता पाठ करायचं नाही, विचार करायचा' असं मुलांना सांगून टाकलेल्या वर्गांचे पेपर मी पाहिले आहेत. प्रश्नात लिहिलं होतं की ४८ तास अंधारात ठेवलेल्या रोपाच्या एका पानाचा भाग काळ्या कागदाने झाकला, नंतर रोप उन्हात ठेवलं, आयोडीनने तपासलं तर झाकलेला भाग तपकिरीच राहिला. निष्कर्ष काय? ज्याला आयोडीन पिष्टमय पदार्थाबरोबर निळं-काळं होतं हेच आठवत नाही, तो विचार कशावर करणार? त्याला प्रश्नच वाचता येत नाही. तेव्हा व्याख्या आणि मूलभूत गोष्टी पक्क्या हव्यातच, फक्त त्या पक्क्या करायची रीत बदला. वही मिटून, कोऱ्या कागदावर, आठवून लिहायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे होते. मी तास सुरू झाला की पाच मिनिटं हेच करते. आज शिकवायच्या विषयावर नाही, मागच्या आठवड्यातल्या आणि मागच्या महिन्यातल्या गोष्टींवर.

आणि त्या पानाच्या प्रयोगात पुढचा प्रश्न नक्की घ्या: काळ्या कागदाने फक्त प्रकाशच अडवला का? कागद घट्ट लावला तर हवाही अडली, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही. मग प्रकाशामुळेच फरक पडला हे कसं म्हणायचं? दुसऱ्या पानावर त्याच पद्धतीने पारदर्शक प्लॅस्टिक लावा, तुलना तिथे होते. हे माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

गुण सगळ्यात जास्त कुठे जातात ते सांगते. 'वर्णन करा' आणि 'स्पष्ट करा' यांत मुलं घोळ करतात. आलेखाचं वर्णन करा म्हटलं तर आलेख काय करतो ते आकड्यांसह सांगायचं: इथपर्यंत वाढतो, इथे सपाट होतो. का होतो ते लिहिलं तर ते कितीही बरोबर असलं तरी त्याला गुण नाहीत, कारण विचारलेलंच नाही. 'स्पष्ट करा' आलं की मग कारण. हे दोन शब्द मी वर्गात फलकावर कायमचे लावून ठेवले आहेत.

टाचणांबद्दल एक. त्यातल्या संख्या तपासा. किलोग्रॅमची व्याख्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावरून करणं २० मे २०१९ पासून बंद झालं, आता ती प्लांकच्या स्थिरांकावरून होते. एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर हे ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला. प्रमाण दाब १०० किलोपास्कल धरला की तेच २२.७ होतं, आणि खोलीच्या तापमानाला साधारण २४ धरतात. मुलाने पाठ केलेली संख्या वापरायची नाही, पेपरात दिलेली वापरायची. ही सवय आधी लावा.

खडूफळा

मी दुसऱ्याच वर्षाचा शिक्षक आहे, त्यामुळे उत्तर नाही, प्रश्नच आहे. मी असा तास घेतला की शेवटी मुलं म्हणतात, 'सर, आता बरोबर उत्तर लिहून द्या ना.' आणि लिहून दिलं नाही तर पालक विचारतात, वही रिकामी का? वरिष्ठांनी यावर काय केलं?

परीक्षानळी

वही रिकामी ठेवू नका, हे पालकांचं म्हणणं रास्त आहे. मी तास संपताना मुलांकडूनच तीन वाक्यं बोलवून घेतो, फळ्यावर लिहितो, चुकलं तिथे त्यांच्यासमोर खाडाखोड करतो, आणि तीच वहीत उतरवायला लावतो. वाक्यं पुस्तकातल्या इतकी गुळगुळीत नसतात. चालतं. पालकसभेत मी एकदा नमुना प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न पालकांनाच सोडवायला दिला होता. त्यानंतर वहीबद्दल कुणी विचारलं नाही.

नायक्रोम

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी जोडून दोन तासिका मिळाल्या, त्यात दोलक केला. आठ गट. अंदाज आधी पेनने लिहून घेतला: गोळा जड केला तर आवर्तकाल कमी होईल असं बहुतेकांनी लिहिलं होतं. वजन दुप्पट करून पाहिलं, वेळ तीच आली, तेव्हा दोन मुलांनी स्टॉपवॉच बदलून मागितलं. मी बदलून दिलं. वेळ पुन्हा तीच.

g चे आठही आकडे फळ्यावर लिहिले. सहा गट ९.६ ते ९.९ च्या दरम्यान, दोन १०.८ आणि १०.९. परीक्षानळी सर, तुम्ही लिहिलेलं डोळ्यांसमोर होतं, पण मी तोंड बंद ठेवलं. सोपं गेलं नाही, २२ वर्षांची सवय आहे. पाच-सात मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हजेरीपुरताच बोलतो, गोळा हातात धरून उभा राहिला आणि मोठ्याने मोजायला लागला. सोडताना 'एक' म्हणाला, मध्येच थांबला आणि म्हणाला, 'बाई, हा तर झालाच नाही अजून.'

नंतर बल्बच्या उत्तरपत्रिका परत दिल्या, गुण न घालता. सोबत बल्ब, बॅटरी, अमीटर, व्होल्टमीटर टेबलावर मांडून ठेवले आणि म्हटलं, ज्याला शंका आहे त्याने स्वतः मोजून घ्यावं. ती नीटनेटकी मुलगी सगळ्यात आधी आली. आकडे माझ्यासारखे अगदी तेच आले नाहीत, बल्ब वेगळा होता, पण आलेख वाकला. तिने उत्तरपत्रिका उलगडली आणि विचारलं, 'म्हणजे मी खोडला तो बिंदू बरोबर होता?' मी हो म्हटलं. तिने तो पुन्हा जागेवर टाकला, यावेळी पेनने, आणि चारही बिंदूंतून हाताने वक्र काढायला बसली.

टीपकागद ताई, सुरुवातीची पाच मिनिटं सोमवारपासून. व्याख्या लिहून देणं मी थांबवत नाही, मात्र आता त्या तासाच्या शेवटी येतील.

निळा लिटमस, पुढच्या आठवड्यात फुलीचा प्रयोग घ्यायचा आहे. द्रावणं किती तीव्रतेची करता ते सांगाल का? आमच्याकडे सहायक नाही, सगळं मलाच बनवायचं आहे.

निळा लिटमस

जरूर. सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक ४० ग्रॅम घ्या आणि द्रावण एक लिटर करा. त्यातून ५०, ४०, ३०, २०, १० मिलिलिटर घ्यायचं आणि प्रत्येक वेळी पाण्याने ५० पर्यंत भरायचं. हायड्रोक्लोरिक आम्ल १ मोलर, दर वेळी ५ मिलिलिटर, आणि आम्ल घातल्याबरोबर घड्याळ सुरू. पाचही वेळा तापमान नोंदवून घ्या, सकाळचा गट आणि दुपारचा गट यांच्या आकड्यांत फरक पडतो तो तिथूनच. आलेख काढताना १ भागिले वेळ आणि थायोसल्फेटचं प्रमाण घ्या, जवळपास सरळ रेषा येईल. सगळ्यात विरळ द्रावणाला बराच वेळ लागतो, तासिका संपत आली असेल तर ते आधी लावून ठेवा.

सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, कुणी पात्रात तोंड घालून वास घ्यायचा नाही, आणि कुणाला दमा असेल तर त्याला खिडकीजवळ लांब बसवून वेळ नोंदवायचं काम द्या. एका मोठ्या भांड्यात सोडियम कार्बोनेटचं द्रावण करून त्यात थोडं फिनॉल्फ्थॅलिन घालून ठेवा. फुली गेली की शंकुपात्र लगेच त्यात ओतायचं, अभिक्रिया थांबते. भांड्याचा गुलाबी रंग गेला की कार्बोनेट संपलं, आणखी घाला. शंकुपात्रं त्याच तासाला धुवा, गंधक वाळलं की घासून हात दुखतात.